रस्ता कोणाचा आणि रस्ता कशासाठीं?

शिरूर आणि दौंड हीं पुणें जिल्ह्याच्या पूर्व अंगाचीं दोन तालुक्यांचीं गांवें. पहिलें घोड नदीच्या कांठीं वसलेलें, दुसरें भीमेच्या. दोहोंनाहि दोन दोन नांवें आहेत. शिरूर हें दप्तरांतलें नांव. पण शिरूर नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत आणखीहि असल्यामुळें त्या बाजूचा मनुष्य आपण 'घोडनदीचे' असेंच पुष्कळदां सांगतो. दौंडचें नांव इंग्रजी अमदानींत रेल्वेच्या कागदोपत्रीं 'धोंड' असें पडलें होतें. गांवचे लोक मात्र दौंडच म्हणत राहिले. कागद एक म्हणतो, तोंड दुसरें म्हणतें, आणि व्यवहार दोहोंवरहि चालतो. गांवांची जी गोष्ट तीच रस्त्यांची. प्रत्येक रस्त्याला एक ओळख कायदा देतो, आणि दुसरी ओळख त्यावरून जाणारीं-येणारीं माणसें देतात. नकाशा काढणारानें ह्यांपैकीं कोणती ओळख धरावी, असा एक वाद जगभरच्या हौशी नकाशाकारांत चालत आला आहे. वरवर पाहतां तो थोड्या तज्ज्ञांपुरता वाटतो. पण त्याचा निकाल आपल्या प्रत्येकाच्या खिशांतील मोबाईलवर उमटतो, म्हणून घरांतील सर्व मंडळींनीं वाचावयाच्या ह्या मासिकांत त्याची चर्चा अप्रस्तुत होणार नाहीं.

आमचें लक्ष ह्या विषयाकडे गेलें तें एका यात्रेमुळें. घरांतील वडील मंडळींच्या मनांत अष्टविनायकांपैकीं रांजणगांव, सिद्धटेक आणि मोरगांव हीं तीन स्थानें एका फेरींत करावयाचीं होतीं. रांजणगांव शिरूर तालुक्यांत. सिद्धटेक भीमेच्या पलीकडे, पूर्वीच्या नगर व आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील कर्जत तालुक्यांत, पण तेथें जाण्याची सोय दौंडकडून. आणि मोरगांव बारामती तालुक्यांत. मागच्या पिढीचे यात्रेकरू दौंडपर्यंत आगगाडीनें येत आणि शिरापूरहून नावेंत बसून भीमा ओलांडीत. आतां तेथें पूल झाला आहे. निघण्यापूर्वीं दादांनीं मोबाईल उघडला आणि नकाशावर जी रेघ सर्वांत जाड व ठळक दिसली ती धरली. वाटेंत एका तिठ्यावर चहासाठीं थांबलों असतां दुकानदारानें आमचा बेत ऐकून मान हालविली. "काका, तिकडनं नका जाऊ. ह्या अंगानं जावा, लवकर पोचाल." दादांनीं त्यास नकाशा दाखवून म्हटलें, "अहो, हा तर मोठ्या नंबराचा रस्ता आहे!" तो हंसून म्हणाला, "नंबर मोठा झाला म्हनून रस्ता मोठा होतो व्हय?" आम्हीं त्याचें ऐकलें आणि आरतीच्या वेळेपूर्वीं पोंचलों. परंतु त्याचा प्रश्न मनांतून जाईना. पुढें चौकशी केली तेव्हां कळलें कीं, ज्या प्रश्नावर विद्वान् नकाशाकारांनीं पानेंच्या पानें लिहिलीं आहेत, तो त्यानें एका वाक्यांत विचारला होता.

प्रथम हा नकाशा म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. सन २००४ मध्यें इंग्लंडांत स्टीव्ह कोस्ट नांवाच्या गृहस्थानें 'ओपनस्ट्रीटमॅप' ह्या उपक्रमास आरंभ केला. विकिपीडिया नांवाचा ज्ञानकोश जसा लोकांनीं लोकांसाठीं लिहिला, तसाच हा नकाशा लोकांनीं लोकांसाठीं काढलेला. कोणीहि नांव नोंदवावें, आपल्या गांवची गल्ली, विहीर, देऊळ, शाळा त्यांत भरावी, आणि दुसऱ्याची चूक दुरुस्त करावी. ह्या कामाचा उपयोग किती मोठा होऊं शकतो हें सन २०१० च्या जानेवारींत दिसलें. हैती देशांत भयंकर भूकंप झाला, तेव्हां जगभरच्या स्वयंसेवकांनीं घरबसल्या विमानांतून व उपग्रहांवरून घेतलेलीं छायाचित्रें पाहून पोर्ट-ओ-प्रिन्स शहराचे रस्ते थोड्या दिवसांत नकाशावर उतरविले, आणि मदत करणारीं पथकें त्याच नकाशांच्या आधारानें फिरलीं.

ह्या नकाशांत नुसती रेघ ओढून भागत नाहीं. रेघ ओढणारास तो रस्ता कोणत्या पायरीचा तेंहि लिहावें लागतें. सर्वांत वर मोटारींसाठींच राखलेले द्रुतमार्ग; त्यांखालीं 'ट्रंक', म्हणजे झाडाच्या खोडासारखा मुख्य रस्ता; मग पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या पायरीच्या फांद्या; त्यानंतर गांवागांवांना जोडणारा साधा रस्ता; वस्तींतील रस्ता; शेतांतली गाडीवाट; आणि शेवटीं पायवाट. हीं नांवें इंग्लंडांतील परिभाषेवरून आलेलीं असल्यामुळें कांहीं गंमतीहि झाल्या आहेत. साध्या ग्रामीण रस्त्यास तेथें 'अनक्लासिफाइड' म्हणतात. नवशिक्यास वाटतें कीं, ज्याची पायरी ठाऊक नाहीं असा तो रस्ता. वस्तुतः ती एक ठरलेली पायरीच आहे! रेघेची जाडी आणि रंग ह्या पायरीवरून ठरतात. इतकेंच नव्हे, तर 'येथून तेथें कसें जावें' हें सांगणारें यंत्रहि पुष्कळदां ह्याच पायरीवरून वेगाचा अंदाज बांधतें आणि वरच्या पायरीच्या रस्त्याकडे प्रवाशास ओढतें. तेव्हां पायरी चुकली कीं वाट चुकली. दिवसाउजेडीं यात्रेस निघालेल्या कुटुंबाचें त्यानें फारसें बिघडत नाहीं. परंतु मध्यरात्रीं कळा लागलेल्या बाईस, किंवा साप चावलेल्या मुलास घेऊन निघालेला परगांवचा गाडीवाला जेव्हां ह्या रेघेवर विसंबतो, तेव्हां चुकलेल्या अर्ध्या तासाची किंमत कोणत्या आकड्यांत सांगावी?

आतां पायरी ठरवावी कशावरून? एक पक्ष म्हणतो, कायद्यावरून. आपल्या देशांत ह्या पक्षाची रीत फार दिवस चालत आली: राष्ट्रीय महामार्ग असेल तर खोड, राज्यमार्ग असेल तर पहिली फांदी, प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर दुसरी, आणि ह्याच क्रमानें पुढें. ह्या रीतीचा मोठा गुण हा कीं, तींत भांडणास जागा उरत नाहीं. राजपत्र उघडावें किंवा रस्त्याच्या कडेचा मैलाचा दगड पाहावा. दगडाचें डोकें पिवळें असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवें असेल तर राज्यमार्ग, नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता. शाळकरी मुलगाहि ही परीक्षा करूं शकतो. नाहीं तर प्रत्येकास आपल्या दारावरून जाणारा रस्ता राजरस्ताच वाटतो. आज एकानें तो वर चढवावा, उद्यां शेजारच्या गांवच्यानें खालीं उतरवावा, असा पोरखेळ सुरू होतो.

दुसरा पक्ष म्हणतो, रस्त्याची पायरी त्याच्या कामावरून ठरावी. तो कोणकोणत्या गांवांना जोडतो, लांबची रहदारी त्यावरून जाते कीं गांवापुरतीच, तो बंद पडला तर किती लोकांचा खोळंबा होईल, हें पाहावें. ह्या पक्षाचें म्हणणें असें कीं, नकाशा पाहणारास 'ह्या रस्त्याची दुरुस्ती कोणत्या खात्याकडे आहे' हें जाणावयाचें नसतें. 'मीं कोणीकडून जावें' हें जाणावयाचें असतें. आफ्रिकेंतील ज्या भागांत पक्के रस्ते थोडे, तेथें नकाशाकारांनीं हाच मार्ग धरला. रस्ता मातीचा असला तरी तो मोठ्या गांवांना जोडीत असेल तर त्यास वरची पायरी द्यावी, असें ठरविलें. अमेरिकेंतील मंडळीहि अलीकडे कायद्याच्या क्रमांकाकडून उपयोगाकडे वळली आहेत.

ह्या दोन पक्षांकडे पाहतां कोणास वाटेल कीं, कायदा आणि उपयोग हे जन्माचे वैरी आहेत. पण इतिहास तसें सांगत नाहीं. हिंदुस्थानांतील रस्त्यांची व्यवस्था लावण्यासाठीं सन १९२७ मध्यें जी समिति नेमली गेली, तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते; पुढें पुणें विद्यापीठाचे पहिले कुलगुरु झाले तेच हे. त्यांच्या समितीच्या शिफारशीवरून सन १९२९ मध्यें पेट्रोलवर गॅलनमागें दोन आण्यांचा जादा कर बसवून रस्त्यांसाठीं स्वतंत्र निधि उभारण्यांत आला. त्यानंतर सन १९४३ च्या डिसेंबरांत नागपूर येथें निरनिराळ्या प्रांतांचे व संस्थानांचे मुख्य अभियंते जमले आणि त्यांनीं रस्त्यांचे पांच वर्ग पाडले: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, मोठे जिल्हा रस्ते, लहान जिल्हा रस्ते आणि खेड्यांचे रस्ते. हे वर्ग त्यांनीं पाडले कशावरून? केवळ उपयोगावरून! राजधान्या व बंदरें जोडतो तो राष्ट्रीय. धान्य पिकतें ती जागा व बाजारपेठ जोडतो तो जिल्ह्याचा. खेडें खेड्यास जोडतो तो खेड्याचा. सुपीक शेतीच्या मुलखांत कोणतेंहि खेडें मोठ्या रस्त्यापासून पांच मैलांहून दूर राहूं नये, असें त्यांचें उद्दिष्ट होतें. मुंबईचा महामार्गांचा कायदा सन १९५५ चा आणि राष्ट्रीय महामार्गांचा सन १९५६ चा, दोन्ही त्यानंतरचे. म्हणजे कायद्यानें दिलेली पायरी ही काल पाहिलेल्या उपयोगाचीच नोंद होय.

अडचण येते ती पुढें. उपयोग बदलत जातो आणि नोंद मागें राहते. किंवा उपयोग आहे तेथेंच राहतो आणि नोंद भलत्याच कारणानें बदलते. पुण्याहून यवत, पाटस, कुरकुंभ ह्या दौंड तालुक्यांतील गांवांवरून सोलापुराकडे जाणारा रस्ता पूर्वीं राष्ट्रीय महामार्ग ९ म्हणून ओळखला जाई. सन २०१० मध्यें देशभर नवे क्रमांक लागले आणि तो ६५ झाला. रस्ता तोच, धूळ तीच, नुसता आकडा बदलला. पुण्याहून शिरूरवरून नगरकडे जाणारा जुना रस्ता पुष्कळ वर्षें राज्यमार्ग होता. आतां तो राष्ट्रीय महामार्ग ७५३ एफ ह्या लांबलचक मार्गाचा एक तुकडा आहे. त्या रस्त्यावरील रहदारीस हा मान केव्हांच मिळावयास हवा होता. तळेगांव दाभाड्याहून चाकण, शिक्रापूर, न्हावरे ह्या वाटेनें श्रीगोंद्याकडे जाणाऱ्या मार्गासहि ५४८ डी असा राष्ट्रीय क्रमांक मिळाला आहे. परंतु राजपत्रांत क्रमांक छापला म्हणून कोणताहि रस्ता त्या रात्रींत रुंद होत नाहीं. कागदावरची शाई वाळते त्यानंतर पुष्कळ वर्षांनीं डांबर वाळतें. आणि मधल्या काळांत जाड रेघेवर विसंबणाऱ्या प्रवाशाची फसगत होते.

ह्याहून नवलाचा प्रकार सन २०१७ मध्यें झाला. सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०१६ मध्यें राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरांच्या आंत दारूविक्री नसावी असा निकाल दिला. तेव्हां महाराष्ट्रासह कांहीं राज्यांनीं शहरांतून जाणारे कांहीं मार्ग महामार्गांच्या यादींतून काढून स्थानिक संस्थांकडे सोपविण्यास आरंभ केला. काल जो महामार्ग होता तो आज गल्लीच्या मालिकेंत बसला. त्यावरील मालमोटारींपैकीं एकहि कमी झाली नाहीं! केवळ कायदा पाहणारा नकाशा त्या दिवशीं ती रेघ बारीक करील, आणि वाटसरूस उगीच भलतीकडे लावील.

उलट, उपयोग आधीं आणि कायदा मागाहून, ह्याचेंहि सुंदर उदाहरण दौंड तालुक्यांतच आहे. तुकोबारायांची पालखी देहूहून निघून यवत व वरवंड येथें मुक्काम करीत बारामती, इंदापूर ह्या वाटेनें पंढरीस जाते. वारकऱ्यांच्या पावलांनीं हा रस्ता महामार्ग ठरविला तेव्हां राजपत्र निघत नव्हतें. पाटसपासून पुढच्या ह्या मार्गास राष्ट्रीय महामार्ग ९६५ जी हा क्रमांक आमच्या काळांत मिळाला, आणि त्याच्या रुंदीकरणाची कोनशिला नोव्हेंबर २०२१ मध्यें बसली. तीच गोष्ट शिरूरहून न्हावरे, पारगांव, केडगांव ह्यांवरून चौफुल्यास जाणाऱ्या वाटेची. नगर रस्ता आणि सोलापूर रस्ता ह्यांना जोडणारी ती कडी आहे. चौफुल्याहून पुढें सुप्यावरून मोरगांव गांठतां येतें. त्या वाटेची पायरी कोणत्या दप्तरांत काय लिहिली आहे हें न पाहतांहि, गाळपाच्या हंगामांत उंसाच्या गाड्यांची रांग पाहणारा मनुष्य तिचें महत्त्व सांगेल. 'चौफुला' हें नांवच पाहा ना! चार वाटा जेथें फुटतात तो चौफुला. नांव ठेवणारानें मालकी पाहिली नाहीं, काम पाहिलें.

इतकें वाचून वाचकांस वाटेल कीं, आम्ही दुसऱ्या पक्षाचे वकील आहोंत. तसें नाहीं. मुठा उजव्या कालव्याचें उदाहरण घ्या. हा कालवा दौंड तालुक्यांतून जातो आणि त्याच्या कडेनें पाटबंधारे खात्याची तपासणीची वाट आहे. ती वाट कालव्याच्या देखरेखीसाठीं केलेली. पण असल्या वाटांनीं शाळेचीं मुलें जातात, दुधाच्या मोटारसायकली जातात. उपयोग पाहून तीस वस्तीच्या रस्त्याची पायरी दिली, तर परगांवची मोटार अंधारांत कालव्याच्या कडेला लागेल. तेथें ही वाट कोणाची आणि तीवरून जाण्यास मुभा कोणास, हेंहि लिहिलेंच पाहिजे.

आणि सर्वांत नाजूक प्रकरण पाणंदीचें. शेतीचा संबंध ज्या घरांत उरला आहे, तेथें हें निराळें सांगावयास नको. गांवच्या जुन्या नकाशांत गाडीवाट तुटक दुहेरी रेषेनें आणि पायवाट तुटक एकेरी रेषेनें दाखविलेली असते. शेजारी दरवर्षीं बांध कोरीत जातो, आणि एके दिवशीं पाणंद नांगराखालीं नाहींशी होते. अशा वेळीं सन १९०६ च्या मामलेदार कोर्टांच्या कायद्याखालीं तहसीलदाराकडे दाद मागतां येते. तेथें वहिवाट व सरकारी नकाशा विचारांत घेतला जातो. लोकांनीं काढलेल्या नकाशाचा नियम मात्र 'जमिनीवर दिसतें तें काढावें' असा आहे. नांगरलेली पाणंद त्यास दिसणारच नाहीं. म्हणून, 'मोबाईलवर वाट नाहीं, तेव्हां हक्कहि नाहीं' असें कोणी सांगूं लागला, तर भिऊं नये. आणि 'मोबाईलवर वाट आहे, तेव्हां जाण्याचा हक्क आहे' असेंहि कोणीं समजूं नये. एखाद्या शेतकऱ्यानें भलेपणानें आपल्या शेतांतून शेजाऱ्यास जाऊं दिलें, आणि ती वाट नकाशावर चढतांच अनोळखी मोटारी त्याच्या पिकांतून धांवूं लागल्या, तर त्या भलेपणाचें आपण काय केलें?

मग निवाडा काय? आमच्या मतें तो आपल्या एकत्र कुटुंबांतच सांपडतो. हिंदु कायद्याप्रमाणें कुटुंबाचा कर्ता थोरले काका असतात. पण किल्ल्या आजीच्या कमरेला असतात. घर गहाण टाकावयाचें असेल तर सही कोणाची, असें विचाराल तर काकांची. पोराचें पोट दुखतें आहे, कोणाकडे न्यावें, असें विचाराल तर आजीकडे. दोन्ही उत्तरें खरीं आहेत. प्रश्न निराळे आहेत. आजीस कर्ता लिहिलें तर कज्जा हरेल, आणि काकांकडे पोरास नेलें तर पोर रडत राहील.

सुदैवानें ह्या लोकनकाशांत दोन्ही उत्तरांना जागा आहे. रस्त्याची पायरी एका रकान्यांत लिहितात, सरकारी क्रमांक दुसऱ्या रकान्यांत, डांबर कीं माती तें तिसऱ्यांत, रुंदी चौथ्यांत आणि जाण्याची मुभा पांचव्यांत. तेव्हां पायरी उपयोगावरून ठरवावी, आणि कायद्याचा क्रमांक क्रमांकाच्या रकान्यांत जसाच्या तसा, एका अक्षराचाहि फरक न करतां लिहावा. उपयोगाचा निर्णय एकट्याच्या हौशीवर न सोडतां 'कोणतीं गांवें जोडतो' ह्या सर्वांना पडताळतां येणाऱ्या कसोटीवर करावा, आणि मतभेद झाल्यास त्या बाजूच्या माणसास विचारावें. कायद्याचा पक्ष जी शिस्त मागतो ती अशानें राहते, आणि उपयोगाचा पक्ष जी सोय मागतो ती मिळते. एकाच रकान्यांत दोन सत्यें कोंबलीं म्हणजे दोन्ही बिघडतात. सारा घोटाळा तेथें आहे.

हें काम कोणी मोठ्या पगाराचे अधिकारी येऊन करणार नाहींत. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुटींत जीं मुलें आजोळीं जातात, त्यांना तें सहज करतां येईल. आजोबांना बरोबर घ्यावें. ही वाट कोठें जाते, पावसाळ्यांत चालू असते कीं नाहीं, हिला कोणत्या नांवानें ओळखतात, मैलाच्या दगडाचें डोकें कोणत्या रंगाचें, हें विचारून लिहावें. मुलांना आपल्या मुलखाची ओळख होईल, आणि म्हाताऱ्या माणसांस आपल्याला ठाऊक असलेलें अजून कोणाच्या तरी उपयोगीं पडतें असें समाधान लाभेल. आमच्या घरीं पुढच्या खेपेस सिद्धटेकाकडे निघण्यापूर्वीं दादांनीं रेघेची जाडी पाहिली नाहीं. रकाने एकेक करून वाचले. आणि त्या तिठ्यावर चहाला मात्र आम्ही थांबलोंच.